गाडीचे वय आणि गाडीचा भरवसा

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले, की विद्यापीठाचा परिसर मागे पडतो आणि थोड्याच वेळात वाडी येते. ट्रान्सपोर्ट कंपन्यांची गोदामे, ओळीने उभे ट्रक, टायरवाले, बॅटरीवाले, रेडिएटरवाले, वेल्डिंगवाले, आणि त्यांच्या मधूनमधून घरगुती गाड्या दुरुस्त करणारी छोटी गॅरेजे. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस अशा गॅरेजात येऊन पहिला प्रश्न विचारतो, "गाडी किती सालची?" जाणता मिस्त्री मात्र उलट विचारतो, "कुठे चालली? रोज किती चालायची?" पहिल्या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते, की वय वाढले म्हणजे यंत्राचा भरवसा कमी झाला. दुसऱ्या प्रश्नात वयाला फारसे स्थानच नाही. यांपैकी अधिक शास्त्रीय प्रश्न कोणता? हे पाहायचे तर आपल्याकडच्या घरगुती मोटारीचा, आणि विशेषतः तिच्या बिघाडांचा, इतिहास थोडा उलगडावा लागेल.

या इतिहासाची सुरुवात मुंबईत होते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आरंभी परदेशी सुटे भाग आणून गाड्या जुळवण्याचेच काम होते. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले, की ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जुळणी करत राहू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी तेव्हा गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या कंपन्यांत घरगुती गाडीपुरती दोन नावे घरोघर झाली. उत्तरपाड्याची अँबेसेडर, आणि कुर्ल्याची फियाट ११००. ही फियाट इटलीत १९५३ साली आली. तिची सुधारित आवृत्ती १९६४पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि १९७४मध्ये तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. इटलीत ही आवृत्ती १९६६ सालीच थांबली होती. आपल्याकडे तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन साधारण २०००पर्यंत बनत राहिले.

या दीर्घायुष्याचे कौतुक करायचे की नाही, हा वेगळा प्रश्न. गिऱ्हाइकाला निवड नव्हती, नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि दर्जाबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या, की १९६७ साली केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. पण एकच यंत्र पस्तीस वर्षे न बदलता रस्त्यावर राहिले, याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्या यंत्राचे बिघाड गावोगावच्या मिस्त्रींना तोंडपाठ झाले. गुरूकडून शिष्याकडे जाणारी निदानाची एक पद्धत तयार झाली. ती कुठे छापलेली नव्हती, तरी पद्धत म्हणून ती पक्की होती.

तिचे मूळ सूत्र असे. पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल आणि हवेचे मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी ठिणगी. गाडी सुरू होत नसेल तर यांतली एक तरी नाही. मिस्त्री सगळे इंजिन खोलत बसत नसे. तो एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरायला सांगे आणि सेल्फ मारायला लावे. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर ठिणगीकडचा सारा भाग संशयातून सुटला. मग पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येते का, ते पाहायचे. येत नसेल तर पंपाच्या अलीकडे अडले की पलीकडे? प्रत्येक परीक्षेत संशयाचे क्षेत्र साधारण निम्मे होते. सोळा ठिकाणी बिघाड शक्य असेल आणि प्रत्येक वेळी निम्मी ठिकाणे बाद होत असतील, तर चार परीक्षांत नेमके ठिकाण सापडते. शब्दकोशात शब्द शोधताना मुले हेच करतात.

(विद्युत ठिणगीची ही परीक्षा नव्या गाड्यांवर मुळीच करू नये. त्यांच्या प्रज्वलन मंडलातला दाब जास्त असतो, आणि हाताला बसणारा झटका व इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान, दोन्ही महाग पडतात.)

ठिणगी पाडण्याची ही जुनी व्यवस्था मुळात कुठली? अमेरिकेतला अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१०च्या सुमारास बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धत वापरात आणली. १९१२च्या कॅडिलॅक गाडीतला विजेचा स्टार्टरही त्याचाच. तत्त्व आपण दहावी-बारावीला शिकवतो तेच आहे. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह अचानक तोडला, की स्वयंप्रवर्तनामुळे मोठा विद्युतदाब निर्माण होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट मिळतात आणि ठिणगी उडी मारते. प्रवाह तोडण्याचे काम दोन छोटे धातूचे टोक करतात. त्यांनाच गॅरेजात 'पॉइंट' म्हणतात. चार सिलिंडरचे चौस्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात, म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार वेळा. ताशी ५० किलोमीटरने १० हजार किलोमीटर जायला २०० तास लागतात. तेवढ्यात ७ कोटींवर उघडझाप झाली! पॉइंट जळणार, त्यांच्यातली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट बदलणार, हे ठरलेलेच होते. पॉलिश पेपरने पॉइंट घासणे आणि फट पुन्हा जुळवणे हा जुन्या गाडीचा नित्यनेम होता. फार लवकर जळत असतील तर दोष पॉइंटांचा नसून शेजारच्या कंडेन्सरचा, हेही मिस्त्रीला ठाऊक असे. प्रवाह तुटताना पॉइंटांमध्ये ठिणगी पडू नये म्हणूनच तो बसवलेला असतो.

इथपर्यंतचे बिघाड मुंबईत आणि वाडीत सारखेच. आता खास विदर्भाकडे वळू.

मे महिन्यात अमरावतीकडे निघालेली फियाट बाजारगाव ओलांडून कोंढाळीपर्यंत सुरळीत जायची. चहाला दहा मिनिटे थांबले आणि पुन्हा सेल्फ मारला, तर गाडी नाव घेत नसे. मिस्त्री याला 'एअरलॉक' म्हणत. खरे तर आत हवा नसते, पेट्रोलची वाफ असते. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. या गाड्यांतला पंप इंजिनवरच बसवलेला असे आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढणे म्हणजे नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी करणे, आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. गाडी चालू असताना पंखा आणि समोरचा वारा थोडे तरी थंड ठेवतात. गाडी थांबली की दोन्ही बंद, आणि तापलेल्या इंजिनची उष्णता मात्र पंपाकडे वाहतच राहते. पंपात वाफ भरली की पंप ती नुसती दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

उपाय होता ओले फडके. पंपावर आणि नळीवर पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळायचे, पाच-दहा मिनिटे थांबायचे, मग गाडी सुरू. नागपुरात पुष्कळ चालक गाडीत पाण्याच्या बाटलीबरोबर असे फडके बाळगून असत. ही युक्ती विदर्भात इतकी चांगली का चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर सावलीतल्या ओल्या फडक्याचे तापमान २५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे १९ अंशांचा फरक! मुंबईत त्याच दिवशी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके फार तर २८ अंशांवर येईल. फरक अवघा पाच अंशांचा. नागपूरकर घराच्या खिडकीत कूलर लावतो आणि मुंबईकर लावत नाही, त्याचेही कारण हेच. इंजिनजवळ अर्थातच हे आकडे जसेच्या तसे मिळत नाहीत, पण कल कायम राहतो. दोन तापमापी घेऊन, एकाच्या फुग्याला ओले कापड बांधून, हा प्रयोग वर्गात सहज होतो. कोकणातल्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करून आकडे ताडून पाहिले तर मुलांना भूगोल आणि भौतिकशास्त्र एकत्र सापडेल.

हा बिघाड पुढे नाहीसा झाला, तो धातू चांगला मिळाला म्हणून नव्हे. इंधन फवारणारी यंत्रणा आली, तेव्हा विजेचा पंप टाकीत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाने ढकलतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो आणि वाफेचा प्रश्नच मिटतो. रचना बदलल्याने बिघाडाचा एक अख्खा वर्ग संपला. याचा गाडीच्या वयाशी काही संबंध नाही. नवी कोरी पद्मिनीदेखील मेमध्ये अडून बसत असे.

नागपूरच्या उन्हाचा दुसरा बळी म्हणजे बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरीतल्या झीज करणाऱ्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेतात. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांना वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून वाडीतल्या बॅटरीचे आयुष्य महाबळेश्वरच्या बॅटरीपेक्षा कमी असणार, दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या तरी. पण सेल्फ लागत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नये. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा मल्टिमीटर इथे कामाला येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४च्या दरम्यान हवा, नाहीतर चार्जिंग होत नाही असे समजावे. सेल्फ मारताना तो दहाच्या बराच खाली जात असेल तर बॅटरी संशयास्पद. बॅटरीवर दाब चांगला आणि स्टार्टरवर कमी असेल, तर मधला जोड खराब आहे. सेल्फ लागताना १५० अँपिअर प्रवाह वाहत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम असेल, तरी ओहमच्या नियमाने ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. पॉलिश पेपरने घासून सुटणाऱ्या दुखण्यासाठी हजारो रुपयांची बॅटरी बदललेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

आता भरवशाकडे येऊ. भरवसा मोजता येतो, ही कल्पना तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या उडत्या बॉम्बवर काम केलेला अभियंता रॉबर्ट लुसर याच्या नावाने एक साधा नियम ओळखला जातो. एकामागोमाग एक अवलंबून असलेल्या भागांची संपूर्ण यंत्रणा किती भरवशाची, हे काढायला त्या भागांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा. शंभर भाग प्रत्येकी ९९ टक्के भरवशाचे असले, तरी सगळे मिळून भरवसा ३७ टक्केच उरतो. पुढे स्वीडनच्या वालोडी वाइबुल याने १९५१ साली एक संभाव्यता वितरण मांडले. त्यात एका अंकावरून कळते, की एखादा भाग नवेपणीच्या दोषांनी मरतो, केव्हाही योगायोगाने मरतो, की झिजून मरतो. यंत्राचा बिघाडदर आरंभी जास्त, मध्ये कमी आणि म्हातारपणी पुन्हा जास्त, असा न्हाणीच्या टबासारखा दिसणारा आलेख याच काळात पाठ्यपुस्तकांत रुळला. १५ वर्षांची गाडी म्हणजे टबाच्या उजव्या काठावर चढलेली गाडी, असे आपण सर्वजण मनात धरून चालतो.

या समजाला धक्का दिला तो विमानांनी. युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यात अभ्यासलेल्या विमानाच्या भागांपैकी टबाचा आलेख पाळणारे निघाले अवघे ४ टक्के. ठरावीक वयाला बदलल्याने फायदा होईल असे भाग ११ टक्के, आणि उरलेल्या ८९ टक्क्यांना वयाची मर्यादा घालून काहीच साधत नव्हते. मोटारगाडी म्हणजे विमान नव्हे, आणि टायर, ब्रेकचे लायनिंग, पट्टे हे झिजणारेच भाग आहेत, हे खरे. पण 'गाडीचे वय' नावाची एकच राशी अस्तित्वात नाही, एवढे यावरून नक्की दिसते. प्रत्येक भागाचे वय वेगळे आणि ते मोजायचे एककही वेगळे. पॉइंटांचे वय उघडझापींत, बॅटरीचे तापमानात, टायरचे किलोमीटरमध्ये आणि उन्हात.

इंजिनचे वय कशात मोजावे? किलोमीटरमध्ये, असे सहज उत्तर येईल. जुन्या गाड्यांतले मीटर पुष्कळदा पाचच आकड्यांचे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, म्हणजे तिथेही घोळच. पण मीटर खरे असले तरी पुरत नाही. ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. झीज मुख्यतः घर्षणाने होते, असा तेव्हाचा समज. विल्यम्स यांना दिसले, की सिलिंडरची भिंत थंड असताना झीज झपाट्याने वाढते आणि तिचे कारण गंज हे आहे. एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. (ऑक्टेनचे समीकरण फळ्यावर मांडून मुलांकडून हिशेब करून घ्यावा.) इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन धुराड्यातून जाते. थंड असेल तर भिंतीवर दवासारखे जमते आणि ज्वलनातून आलेली आम्ले त्यात विरघळतात.

याचा अर्थ शिक्षक बंधुभगिनींना थोडा अप्रिय वाटेल. जुन्या गाडीच्या बाजारात 'मास्तरांची गाडी, फक्त घर ते शाळा चाललेली' ही मोठी शिफारस समजली जाते. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणारे इंजिन कधी पुरते तापतच नाही. नागपूर-अमरावती फेऱ्या मारून लाखभर किलोमीटर झालेले इंजिन तीस हजारवाल्या मास्तरांच्या इंजिनपेक्षा आतून चांगले निघू शकते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची आपल्याकडे जी सवय होती, तिनेही हेच नुकसान केले. उन्हाळ्यात बरे वाटे, पण डिसेंबरच्या सकाळी इंजिन तासभर थंडच चाले. मूळ दुखणे बहुधा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने चोंदलेल्या रेडिएटरचे असे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रस्त्यात अडणे हा प्रवासाचा अपरिहार्य भाग आहे, ही आपली समजूत ढिली पडू लागली. २०००नंतर प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्बुरेटर गेले, पॉइंट गेले, संवेदक आणि संगणक आले. २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत गाडीने स्वतःचे दोष सांकेतिक अंकांत नोंदवणे आपल्याकडे बंधनकारक झाले. आता वाडीतही मिस्त्रीच्या हातात स्कॅनर दिसतो. पण हा अंक निदान नसून लक्षण आहे, हे विसरले जाते. 'मिश्रणात पेट्रोल कमी' असा संकेत आला, तर हवेची नळी तडकलेली असेल, पंप दुबळा असेल किंवा संवेदकच मळलेला असेल. अंक पाहून संवेदक बदलायचा आणि तोच संकेत आठवड्याने पुन्हा यायचा, असे वरचेवर घडते. संशयाचे क्षेत्र निम्मे करत जाण्याची जुनी रीत इथेही लागतेच. जुनी गाडी वारंवार बिघडे, पण तिचा बिघाड डोळ्यांना दिसे. नवी क्वचित बिघडते आणि बिघडली तर काही दिसत नाही. भरवशाची व्याख्या करताना यांतले काय धरायचे, यावर आमच्या प्रयोगशाळेतही एकमत होत नाही.

कायद्याला मात्र एक आकडा लागतो. १९८८चा मोटार वाहन कायदा १९८९च्या जुलैत लागू झाला. त्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि स्वयंचलित तपासणी केंद्रांची योजना आली. मुंबईच्या टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तिची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न तिथे नव्हता. धुराच्या बाबतीत अशी सरसकट मर्यादा समजण्यासारखी आहे, कारण जुन्या रचनेचे इंजिन कितीही निगुतीने राखले तरी नव्याइतके स्वच्छ होत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ती पुष्कळांवर अन्याय करते आणि काहींना उगाच सोडून देते.

कारण १५ वर्षे रत्नागिरीत उभी असलेली गाडी आणि १५ वर्षे वाडीत उभी असलेली गाडी यांचे वय एक नाही. खाऱ्या, दमट हवेत पत्रा आणि चेसिस खालून सडतात, रंग वरून शाबूत दिसतो. कोकणातली गाडी घ्यायची तर ती उचलून खालून पाहावी, दारांच्या खालच्या कडा आणि पाट्यांचे जोड टोकदार हत्याराने टोचून पाहावेत. विदर्भात पत्रा टिकतो, पण रबर टिकत नाही. होज पाइप दाबून पाहावेत, टायरच्या बाजूवर बारीक भेगा आहेत का ते पाहावे. २०००नंतरच्या टायरवर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी तीस हजार चालल्याचे सांगितले जाते आणि टायर तिसऱ्या जोडीचे निघतात, हेही या खुणेवरून कळते. १९९०च्या आधीची गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदललेला आहे का, हे अवश्य विचारावे. ते जुने रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलेच नव्हते.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे. आपण पोचण्याआधीच बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येतच राहिली तर पाणी आत शिरते आहे. त्यानंतर चारही सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती, यापेक्षा चौघांत फरक किती, याला महत्त्व. एकाचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. पहिल्या कामाचा खर्च दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा गाडीची किंमत ठरवायला बसण्यापूर्वी एवढे चमचाभर ऑइल खर्च करायला हरकत नाही.